एका ओळीतली दोन नावं

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, गावच्या चौकात उभा असलेला. खाणीत होतो तेव्हा वाटायचं, फार तर कुणाच्या घराची पायरी होईन. पण मला तासलं, घासून गुळगुळीत केलं आणि लढाईत पडलेल्या दोन जवानांचं स्मारक म्हणून इथे आणलं.

हे दोघे शेजारी. एक गिरणीवाल्यांचा मुलगा, दुसरा सायकली दुरुस्त करणाऱ्यांचा. मधल्या भिंतीवरून त्यांच्या वडिलांचं विळ्या-भोपळ्याचं नातं. मुलं मात्र त्याच भिंतीवर बसून गप्पा मारायची. दोघं भरतीला बरोबर गेली आणि एकाच खंदकात पडली.

पाथरवटाने छिन्नी उचलली आणि वाद पेटला.

"माझा मुलगा मोठा. त्याचं नाव वर," गिरणीवाले म्हणाले.

"माझ्याला आधी गोळी लागली. त्याचं वर," सायकलवाले अडून बसले.

जाणत्यांनी समजूत घातली, पण दोघेही हट्टाला पेटलेले. काम अडलं. शेवटी सायकलवाल्यांची बायको पुढे आली. एरवी ती चार माणसांत बोलायची नाही.

"खंदकात कोण वर होतं आणि कोण खाली, हे विचारलंत का कुणी?"

पाथरवटाने दोन्ही नावं एका ओळीत कोरली.

सुरुवातीला माझा मोठा मान होता. फुलं यायची, भाषणं व्हायची. एक पाहुणे तर इतकं बोलले की उन्हात उभ्या मुलांना भोवळ आली. पुढे गर्दी ओसरली. माझ्या कठड्यावर ओले कपडे वाळू लागले. नावांवर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या.

एका सकाळी गिरणीवाले काठी टेकत आले आणि नखाने जाहिरात खरवडू लागले. ती निघेना. समोरच्या दुकानातून सायकलवाले बघत होते. ते उठले, बादली आणि फडकं घेऊन आले. इतक्या वर्षांत दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

"कोरडं निघायचं नाही ते. भिजू दे जरा."

कागद सुटला. सायकलवाल्यांनी फडकं पिळलं आणि आधी गिरणीवाल्यांच्या मुलाचं नाव धुतलं.

"तुझ्या पोराचं धू की आधी," गिरणीवाले पुटपुटले.

"हाही शाळेतून आला की आमच्याकडेच जेवायचा. तू गिरणीत असायचास. तुला ठाऊक नव्हतं."

गिरणीवाले कठड्यावर टेकले. त्यांनी विचारलं, "काय आवडीनं खायचा?"

मग दोघे ऊन डोक्यावर येईपर्यंत बोलत बसले.

मित्रांनो, मला हार घातला नाहीत तरी चालेल, दगडाला त्याचं काय! जाहिराती तेवढ्या दुसरीकडे चिकटवा. आणि इथून जाताना ही नावं मोठ्याने वाचा. समोरच्या दुकानात आता दोन म्हातारे बसतात. दोघांनाही कमी ऐकू येतं.