प्लास्टिकचं केळं

पुएर्तो बोलिव्हार या केळ्यांच्या बंदरात, धक्क्यावरच्या इंग्रजीच्या वर्गात दोमितिलाबाईंचा आवाज एवढा चढला, की म्हणे नांगरलेली जहाजं हातभर मागे सरली.

"रिआलिया म्हणजे वर्गात आणलेली खरी वस्तू! मग हे काय आहे?" बाईंनी सालासकट केळं निरीक्षक इतुराल्देंच्या नाकासमोर धरलं.

"केळं. पण पेटीतलं नाही." राजधानीहून आलेल्या इतुराल्देंनी पेटीतून एक चकचकीत प्लास्टिकचं केळं काढलं. "पुस्तिकेनुसार रिआलिया म्हणजे मान्य पेटीतली वस्तू. तुमचे दहा गुण गेले. वर्गाच्या परवान्यावर सही मिळणार नाही. वर्ग बंद."

बाईंचे कान तापले. समोर केळी वाहून खांद्याला घट्टे पडलेली वीस माणसं बसलेली. वर्ग बंद झाला, तर परदेशी कप्तानांच्या शिव्या ही माणसं पुन्हा मुकाट ऐकणार.

"वॉशिंग्टन, घड आण!"

वॉशिंग्टन हा हमाल. नाव एवढं मोठं, पण इंग्रजी शब्द जेमतेम चाळीस. त्याने आणलेला घड इतका दांडगा, की दाराची चौकट घडाबरोबर आत आली. बाईंनी तो त्याच्याकरवी थेट साहेबांच्या खांद्यावर ठेववला.

"अहो बाई! उतरवा!" साहेब कमरेत वाकले.

"इंग्रजीत सांगा."

साहेबांनी इंग्रजीत विनंती सुरू केली. शुद्ध, लांबलचक, तीन ठिकाणी 'कृपया' असलेली.

"आवरा साहेब, तुमचं वाक्य संपेपर्यंत जहाज पनामाला पोचेल!" पॅकिंगवाली नार्सिसा म्हणाली.

घड साहेबांना आणखी खाली दाबू लागला. "हेल्प!" ते किंचाळले.

वीसजण एकदम धावले. घड उतरला.

"हा धडा तुमच्या कुठल्या पेटीत आहे?" बाई दात आवळून म्हणाल्या. "या माणसांच्या घामाचं केळं खोटं, आणि कारखान्यातलं खरं? लाज वाटत नाही?"

साहेब खांदा चोळत पुटपुटले, "दहा गुण परत देतो."

"गुण ठेवा तुमच्याकडे. सही करा."

त्यांनी केली. अक्षर वाकडं आलं, पण सही ती सहीच.

बाईंनी आभार मानले नाहीत, दारापर्यंतही गेल्या नाहीत. फळ्याकडे वळून त्या 'खांदा' या शब्दाचं इंग्रजी लिहू लागल्या. राग इतका शिल्लक होता, की एका शब्दात खडू तीनदा मोडला.