दहाच्या जोड्या

मोहिनीबाईंना त्या रोजच्या घोकण्याचा मनातून कंटाळाच आला होता. दिंडोरीजवळच्या शाळेत त्यांच्याकडे दुसरीचा वर्ग. प्रार्थना झाली की दहाच्या जोड्या. बाईंनी ‘सात’ म्हणायचं, पोरांनी ‘तीन’. ‘चार’ म्हटलं की ‘सहा’. आपण पोपट तयार करतोय, असं त्यांना वाटायचं. पण शेजारच्या वर्गावरचे ज्ञानेशसर म्हणाले होते, “सोडू नका. बोटं आपोआप सुटतील.”

निकिताची बोटं काही सुटत नव्हती. तिचे आईवडील सुरगाण्याकडून द्राक्षाच्या छाटणीला आलेले. जोड्या ती सगळ्यांबरोबर म्हणायची, पण बेरीज आली की हात पाठीमागे लपवून एकेक बोट मोजायची.

थंडीतल्या एका सकाळी बाईंनी फळ्यावर आठ अधिक पाच लिहिलं. निकिता उठली. हात मोकळेच होते.

“तेरा.”

“कसं गं?”

“आठाला दोन पायजेत ना, दहा व्हायला? ते पाचातले दिले. तीन ऱ्हायले.”

बाई चमकल्या. हे त्यांनी शिकवलंच नव्हतं. नुसत्या जोड्या म्हणून घेतल्या होत्या. बघू तरी, म्हणून त्यांनी आठाच्या डावीकडे नऊ लिहिला. “अठ्ठ्याण्णव अधिक पाच.”

शंभराच्या पुढे वर्ग अजून गेलाच नव्हता. निकिताचे ओठ हलत राहिले.

“नऊ दहा व्हतेच. आठाचा अजून एक दहा झाला. शंभर अन् तीन.”

बाईंनी आणखी एक नऊ लिहिला. “नऊशे अठ्ठ्याण्णव.”

आता सगळी पोरं पुढे सरकली. निकिता फळ्याकडे एकटक बघत होती.

“दहा शंभर... अन् तीन. दहा शंभराला काय म्हणत्यात, बाई?”

“हजार,” बाई म्हणाल्या.

निकितानं खडू मागितला. मागे नऊ, त्याच्या मागे नऊ, असं लिहीत ती फळ्याच्या कडेला पोचली आणि थांबली.

“बाई, फळा संपला. पण हे तर अजून जमतंय!” तिनं पुढच्या कोऱ्या भिंतीवर हात ठेवला. “कुठवर जमंल?”

“संपतच नाही गं ते.”

“कधीच नाय?”

बाईंनी ‘नाही’ अशी मान हलवली. मग त्या पोरांमध्येच खाली सतरंजीवर बसल्या आणि सगळ्यांबरोबर भिंतीकडे बघत राहिल्या.