दादाचं ऊन

शिंप्याचा थोरला भाऊ झोपेतच गेला, तोंडावर मास्क तसाच. झोपेत त्याचा श्वास अडायचा, म्हणून उशाशी हवा ढकलणारं मशीन, आणि वीज गेली तरी ते चालावं म्हणून शेजारी सोलरवर भरणारा बॅटरीचा डबा. रोज सकाळी दादा स्वतः गच्चीवर पॅनल पसरायचा, संध्याकाळी भरलेला डबा उचलून आणायचा आणि म्हणायचा, "मी दिवसा ऊन कमावतो, रात्री नाकाने खातो." हसायचाही तोच आधी.

पाहुणे पांगल्यावर शिंप्याने पसारा आवरला. आवरला कसला, डबा, मशीन, मास्क एकमेकांना जोडलेले तसेच उचलून दुकानामागच्या कापडाच्या खोलीत फळीवर ठेवले आणि वर चादर टाकली. बोटभर माप चुकलं तर अख्खी शिवण उसवणारा माणूस हा, पण ती एक वायर काढायला त्याचा हात धजला नाही.

पुढे एकदा अस्तर शोधताना त्याने सहज डब्याचं बटण दाबलं. आकडा उजळला, एक्याऐंशी टक्के. ठेवताना तर डबा काठोकाठ भरलेला होता. दुसऱ्या दिवशी एकोणऐंशी. मनात पाल चुकचुकली. मग रोज जेवण झालं की चादर उचलून आकडा बघायचा त्याला नादच लागला. आकडा रोज थोडा उतरलेला असायचा. भर दुपारी कात्री थांबली की आतून कुणीतरी सावकाश श्वास सोडल्यासारखं वाटे, आणि तो खिळल्यासारखा बसून राही. भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. कुणीतरी अजून डब्यातलं ऊन घेत होतं.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," बायको म्हणाली. "बॅटरी ती, उतरणारच. पॅनल लावा आणि भरून ठेवा."

"आत दादाने गोळा केलेलं ऊन आहे. त्यात माझं कशाला मिसळू?"

तिने ताटातली पोळी तेवढी त्याच्याकडे सरकवली.

दुकानातली ट्यूब बदलायला वायरमन आला, त्या दिवशी आकडा अठ्ठेचाळीसवर होता. शिंप्याने त्याला आत नेलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा उतरत उतरत संपला तर?"

"तसाच पडून राहिला तर मेला समजा. परत उठायचा नाही." वायरमनने वाकून मागे हात घातला. "अहो मास्तर, वायर आतच आहे की. आणि हे बटणही चालू. मशीन बंद दिसतं, पण ते जागं असतं. गपचूप पीत राहतं."

शिंप्याच्या कानात 'जागं असतं' एवढंच राहिलं.

"बरेच दिवस वापरायचा नसेल तर याला काही जोडून ठेवू नका. सगळी बटणं बंद करा. जागा थंड आणि कोरडी हवी. निम्मा भरलेला आहे, ठेवायला तेच चांगलं. दर तीन-चार महिन्यांनी बघा, उतरला असेल तर थोडं ऊन दाखवा. काढू वायर?"

"नको. मी काढतो."

वायरमन गेल्यावर शिंपी बराच वेळ ती वायर धरून उभा राहिला. डबा मरू द्यायचा नव्हता, वायर उपटायची नव्हती. शेवटी त्याने मनाशी पैज लावली. वायर काढूनही आकडा रोजच्यासारखा उतरला, तर घेणारा दादाच. मग कुणी काहीही म्हणो. त्याने डोळे मिटले आणि वायर ओढली. बटण बंद केलं. मास्क पुसून वेगळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. एका दिवसाने काय कळतं, असं म्हणत त्याने आठवडा काढला. शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला शर्ट तसाच राहिला, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. कात्री थांबली की आतून आता काहीच ऐकू येत नव्हतं.

आठवड्याने त्याने चादर उचलली, बटण दाबलं, आकडा नीट पाहिला, अजून अठ्ठेचाळीसच, आणि चादर पुन्हा नीट घातली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"अगं," तो म्हणाला, "दादा गेला."

बायकोने गॅस बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि आज पहिल्यांदाच बातमी कळावी तशी त्याच्याजवळ येऊन बसली.