अर्बन हेगनची पहिली जत्रा

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास कॉलीनने आपल्या बापाच्या हातातून मटणावर फासायचा पोचारा काढून घेतला.

"बाबा, पुरे झालं. तुम्ही आता जत्रा बघून या."

"बघायचंय काय? एक्केचाळीस वर्षं मी जत्रेतच आहे," अर्बन हेगन म्हणाला.

"तुम्ही भट्टीपाशी आहात. पलीकडे पाळणे लागतात, बँड वाजतो, नदीपलीकडून माणसं येतात. यातलं काही कधी पाहिलंय?"

अर्बनने पाहिलं नव्हतं. टेलर्स लँडिंगच्या जत्रेत वेगवेगळ्या चर्चच्या तुकड्या भर रस्त्यात सिमेंटच्या विटांच्या भट्ट्या रचतात आणि हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर मेंढीचं मटण भाजतात. सगळ्यात चांगल्या मटणाचा चषक कोणाकडे गेला यावर गावात पुढचं वर्षभर बोलणं होतं. सेंट मार्टिन चर्चची भट्टी अर्बनची. त्याने नऊ चषक आणले होते. ओढ्यापलीकडच्या सेंट जेरोमच्या लिओ वॅथनकडे दहा होते, आणि तो एक चषक अर्बनला झोपेतही टोचायचा.

पण गेल्या ऑक्टोबरात अर्बनचा खुबा बदलला. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं सांगून टाकलं. आता भट्टी कोण सांभाळणार असा प्रश्न चर्चच्या बैठकीत निघाला तेव्हा सगळ्या बाप्यांनी खाली बघितलं आणि कॉलीनने हात वर केला. ती शाळेत गणित शिकवायची. अर्बन म्हणाला, "तिला जमणार नाही असं नाही, पण जमेल असंही नाही." या वाक्याचा अर्थ कोणालाच न लागल्यामुळे ठराव पास झाला.

"डिप मी सांगितलं तसंच केलंयस ना?" जाता जाता त्याने विचारलं. डिप म्हणजे मटणावर ओतायचं काळं, आंबट, तिखट पाणी. अर्बनच्या आजोबांचं होतं ते.

"अगदी तसंच."

"आणि मटण?"

"मटण छान आहे. टोपी इथेच ठेवा. टोपीत तुम्हाला बघितलं की बाकीचे ताटं झाकतील."

अर्बन काठी टेकत निघाला खरा, पण जत्रेत करायचं काय हे त्याला सुचेना. पाळण्यात बसायचं वय नव्हतं, बँड कानाला लागत होता. शेवटी तो लिंबूपाण्याच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. शेजारी एक सत्तरीची बाई उभी होती. डोक्यावर उन्हाची टोपी, काखेत बाकावर टाकून बसायची उशी.

"अहो, तुम्ही इथलेच दिसता," ती म्हणाली. "मटण कुठलं घ्यावं?"

"सेंट मार्टिन," अर्बन क्षणाचाही विचार न करता म्हणाला.

"ते कोपऱ्यावरचं? नको बाई. मागच्या वर्षी घेतलं होतं. चव छान होती, पण चावता चावता माझी कवळी सुटली."

अर्बनने तोंडातलं लिंबूपाणी कसंबसं गिळलं. "मेंढी जून असेल."

"मेंढी सगळीकडे जूनच असते. भाजणाऱ्याला घाई असेल."

अर्बनला गावात हेकट म्हणत, तोंडाळ म्हणत, लिओ वॅथन तर आणखीही काही म्हणायचा. पण त्याला घाई असते असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्याने तिथून निघून जायला हवं होतं. पण ही बाई आणखी काय बोलते ते ऐकल्याशिवाय त्याचा पाय निघेना.

तिचं नाव फ्रीडा ड्रेसेल. नदीपलीकडे एव्हान्सव्हिलला राहायची, तिथे चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले होते. दरवर्षी जत्रेला एकटीच यायची आणि सगळ्या भट्ट्यांवरचं खाऊन जायची.

"यंदा पोट साथ देत नाही हो," ती म्हणाली. "तुम्हीही एकटेच आहात. दोघांत एक ताट घेतलं तर सगळीकडचं खाऊन होईल."

असा अर्बन हेगन वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हातात प्लास्टिकचा काटा घेऊन, एका अनोळखी बाईबरोबर जत्रा बघायला लागला. आणि त्याला मजा यायला लागली. पहिल्या भट्टीवर फ्रीडाने एकच घास खाल्ला आणि म्हणाली, "नुसता धूर." दुसऱ्या भट्टीवर म्हणाली, "हे भाजलंय कुठं, हे तर घाबरवून शिजवलंय." अर्बनला हसू आवरेना. लोकांच्या मटणाला नावं ठेवण्यात इतकं सुख असतं हे त्याला माहीत नव्हतं. आजवर त्याने ती न खाताच ठेवली होती.

सेंट जेरोमच्या रांगेशी मात्र त्याचे पाय थबकले.

"इथलं मी खात नाही."

"का, सोसत नाही?"

"तसंच समजा."

"मग मी एकटी खाते," म्हणत फ्रीडाने ताट घेतलं आणि बाकावर उशी टाकून बसली. अर्बन उभाच राहिला. वाफ त्याच्या नाकापर्यंत आली. थोड्या वेळाने तोही बसला. आणखी थोड्या वेळाने त्याचा काटा पुढे गेला.

मटण काट्याला लागताच सुटलं. वरून काळपट, खरपूस, आत ओलसर. आणि त्यावर ते डिप, आंबट आधी, तिखट मागून. अर्बन अर्धं ताट खाऊन बसला.

"सोसलं वाटतं," फ्रीडा म्हणाली.

तेवढ्यात भट्टीमागून आवाज आला. "अरे अर्बन! मारायला आलायस की जेवायला?" लाल पट्ट्याचा एप्रन बांधलेला लिओ वॅथन धुरातून बाहेर आला.

"पाहुण्यांना घेऊन आलोय."

"कसं झालंय?"

"खाता येतं."

अर्बनच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं पदक. लिओने ते मिरवत साऱ्या रस्त्याला ऐकवायला हवं होतं. पण तो "बरं बरं" म्हणाला आणि घाईघाईने निखारे सारखे करायला निघून गेला. अर्बनला हे जरा विचित्रच वाटलं.

"आता कोपऱ्यावरचं," अर्बन म्हणाला. "यंदा भाजणारं माणूस बदललंय."

सेंट मार्टिनच्या भट्टीवर कॉलीन घामाघूम होऊन दोघा जणांबरोबर मोठी जाळी उलटत होती. तिने बापाकडे पाहिलंही नाही. ताट देणाऱ्याने ताट दिलं. फ्रीडाने घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला.

"बदललं ते बरं झालं," ती म्हणाली. मग दुसरा घास घेतला आणि कपाळाला आठी घातली. "पण गंमत आहे. हे आणि मघाचं, दोन्ही एकाच हातचं आहे."

"शक्यच नाही."

"शिवणीचा टाका बघून हात ओळखते मी. खाऊन बघा."

अर्बनने खाल्लं. मटण लिओकडच्यासारखंच काट्याला लागताच सुटत होतं. आणि डिप आजोबांचं होतं. ते असायलाच हवं होतं. पण मग मघाशी लिओच्या बाकावर बसून त्याने चवीने जे खाल्लं होतं, तेही आजोबांचंच होतं. दुसऱ्याच्या ताटात स्वतःचं डिप कधी येईल असं मनातही नसल्यामुळे त्याला ते ओळखू आलं नव्हतं.

त्याने काटा खाली ठेवला.

"तुमचंच आहे ना ते डिप?" फ्रीडाने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

तिने काट्याने वर दाखवलं. भट्टीमागच्या, दरवर्षी लागणाऱ्या फलकावर अर्बनचा हातभर फोटो होता, टोपी घातलेला, चषक उचललेला. "टोपी काढली म्हणून नाक थोडंच बदलतं."

"म्हणजे कवळीची गोष्ट तुम्ही मुद्दाम..."

"ती खरीच आहे. म्हटलं, तोंडावर सांगायची संधी परत कधी मिळणार."

एरवी अर्बन चिडला असता. पण एका वेळी किती जणांवर चिडायचं यालाही मर्यादा असते, आणि त्याचा सगळा राग आता लिओकडे धावत होता. काठीसकट तोही मागोमाग गेला.

"माझ्या पोरीला तू शिकवलंस?"

लिओने निखारे ढवळणारा हात थांबवला. "मी म्हणत होतो तिला, सांग बाबांना. ती म्हणाली, जत्रा होऊन जाऊ दे."

"कधी?"

"फेब्रुवारीत. सहा गुरुवार, माझ्या परसात. बर्फ पडत होता अर्बन, पण एकदाही कंटाळले म्हणाली नाही. म्हणाली, बाबांचं मटण चिवट होतं आणि हे त्यांना सांगायची अख्ख्या चर्चमध्ये कोणाची छाती नाही."

"चिवट?"

"थोडंसं. शेवटचे दोन तास तुला धीर धरवत नाही. जाळी उचलून उचलून बघत बसतोस."

"आणि तू हे धर्मादाय शिकवलंस?"

"छे. डिप घेतलं ना बदल्यात."

निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडून चुर्र झालं.

"माझं डिप म्हणजे नुसतं आंबट पाणी होतं," लिओ म्हणाला. "तू इतकी वर्षं ओरडून सांगत होतास. खरं होतं ते. आणि मला शिकवायला तरी कोण आहे? माझे दोन्ही मुलगे लांब लुईव्हिलला. एकाला धुराची ॲलर्जी, दुसऱ्याला माझी."

अर्बनला बरंच काही बोलायचं होतं. शेवटी त्याने विचारलं, "वही आणायची का कॉलीन?"

"वही, थर्मामीटर आणि घड्याळ. शिवाय माझ्या चुका मलाच दाखवायची."

"ते माझ्याकडून आलंय."

"ते मला पहिल्याच गुरुवारी कळलं."

चार वाजता चर्चच्या पायऱ्यांवर निकाल लागला. परीक्षकांच्या प्रमुख बाई माइकवर आल्या त्याच घाम पुसत. क्रमांक घातलेल्या ताटांपैकी दोन ताटांनी घोळ घातला, असं त्यांनी सांगितलं. दोन्हीत काही केल्या फरक करता येईना. निम्म्या परीक्षकांनी एकाला पहिलं धरलं, निम्म्यांनी दुसऱ्याला, आणि गुण असे विभागले गेले की दीड गुणाने पुढे गेलेल्या सेंट ॲग्नेसला चषक मिळाला. हे गावाबाहेरचं चर्च तीनच वर्षांपूर्वी भट्टी रचायला लागलं होतं. आपलं नाव ऐकूनही त्यांच्यातलं कोणी जागचं हललं नाही. दुसऱ्यांदा पुकारावं लागलं.

गर्दी पांगल्यावर कॉलीन बापापाशी आली. चेहऱ्यावर काजळी, केसांना धुराचा वास.

"बाबा, मी सांगणार होते."

"कधी?"

"चषक मिळाल्यावर."

"मग तुझ्याकडे अजून वेळ आहे." अर्बनने काठी या हातातून त्या हातात घेतली. "डिप द्यायचं नाही म्हणून तुला शपथ घातली होती मी."

"मोडली. फादरना जाऊन सांगितलंही. त्यांनी विचारलं, आपलं मटण मऊ झालं का? हो म्हटल्यावर म्हणाले, मग देव बघून घेईल."

हसू नये म्हणून अर्बनने पुष्कळ प्रयत्न केला. "चांगलं झालंय," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं. हे पुन्हा म्हणायला लावू नकोस."

फ्रीडा उशी काखेत मारून निरोप घ्यायला आली. पुढच्या वर्षी कवळी निर्धास्त लावून येईन म्हणाली आणि बसकडे निघाली. अर्बन तिला रस्त्यापर्यंत सोडून परतला तर लिओ सेंट ॲग्नेसच्या बाकावर बसला होता. समोर एक ताट, दोन काटे.

"बस," लिओ म्हणाला. "नक्की काय आहे यांच्यात ते तरी कळू दे."

दोघांनी खाल्लं.

"खारट आहे," लिओ म्हणाला.

"फार खारट आहे. आणि हाडं केवढी."

"परीक्षकांची जीभच गेली म्हणायची."

"गेलीच."

ताट पुसून घेतल्यासारखं स्वच्छ झालं होतं. लिओ आणखी एक आणायला उठला. तिकडून कॉलीन पाण्याची नळी हातात धरून हाका मारत होती, भट्टी विझवायची आहे, जाळ्या घासायच्या आहेत, दोघांपैकी कोणीतरी या. अर्बनला ते स्वच्छ ऐकू आलं. त्याने बँडकडे तोंड फिरवलं आणि अगदी लक्ष देऊन ऐकतोय असं दाखवत काठीने ताल धरला.