दोन सह्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. दूधवाला जरा जास्त हसला तर मी आधी दूध बघते. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "हिला देवदूत भेटला तरी ही त्याच्या पंखांची शिवण तपासेल." मी शिवणकाम करते. फादरांचे झगे, वेदीवरची कापडं, मुलींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, सगळं माझ्याच मशीनवर होतं. चर्चमध्ये मला सुईबाई म्हणतात, आणि ते काही शिवणावरून म्हणत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी फादरांनी संरक्षण समिती काढली. लहान मुलं, आणि ज्यांना स्वतःला सांभाळता येत नाही अशी मोठी माणसं, म्हातारी, आजारी, बुद्धीने लहान राहिलेली, यांच्याशी चर्चमधल्या कुणी वाईट वागू नये, आणि वागलंच तर ते दडपलं जाऊ नये म्हणून. समितीचं काम फादरांनी मला दिलं. "तुमच्याइतकी योग्य बाई मला दुसरी दिसत नाही," ते म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. हसू देत.

नियम मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिले आणि रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर सगळ्यांना वाचून दाखवले. मुलाबरोबर बंद दाराआड एकट्याने राहायचं नाही. आजाऱ्याच्या घरी कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा पवित्र प्रसाद, घेऊन जायचं तर दोघांनी जायचं, आणि परत आल्यावर वेदीमागच्या खोलीतल्या वहीत वेळ लिहून दोघांनी सह्या करायच्या. कुणाबद्दल काही कानावर आलं तर आपण चौकशी करायची नाही, त्या माणसालाही काही विचारायचं-सांगायचं नाही. त्याच दिवशी चर्चबाहेरच्या अधिकारी बाईंना फोन करायचा. त्यांचा नंबर दारावर चिकटवलेला आहे. एखाद्याची सही राहिली की पुढच्या रविवारी मी त्याला दारातच गाठायची. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं कुणी म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं: "विश्वास देवावर. तुम्ही सही करा."

माझी जोडी दादाबरोबर होती. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आई कामावर जायची. माझी वेणी घालायला तो शिकला, शेजारणींच्या हसण्याकडे न बघता. नवरा गेला त्या दिवशी कबरीपाशी माझा हात त्यानेच धरला होता. दादाबद्दल मी कधी दुसरा विचार केला नाही. करायची गरजच काय?

गेल्या वर्षापासून आमच्याकडे शुक्रवारची चार वाजताची भेट होती, चिमणीच्या आईची. आई अंथरुणाला खिळलेली, कानांनी ठार बहिरी. चिमणी पस्तिशीची, पण बुद्धीने सात-आठ वर्षांची. अखंड चिवचिवते म्हणून चिमणी. दोघी तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्याच शुक्रवारी जिन्याशी दादा म्हणाला, "तू कशाला गुडघे मोडून घेतेस? खाली बस, मी आलोच." खाली रस्त्यापलीकडे लॉन्ड्रीवाल्याचं बाकडं आहे. मी बसले. लॉन्ड्रीवाला गप्पिष्ट, वेळ कसा जायचा कळायचं नाही. मग चर्चमध्ये परतून दोघं सह्या करायचो. असं वर्षभर चाललं. मी काही खोटं करतेय असं मला वाटलंच नाही, कारण दादा होता ना वर.

मग एका सोमवारी शेजारीण चिमणीला माझ्या दुकानात सोडून बाजारात गेली. मी दार सताड उघडं ठेवलं, नियम म्हणजे नियम. चिमणीने पिशवीतून तिचे तीन झगे काढले, पुढून बटणांचे.

"बटणं नको," ती म्हणाली. "शिवून टाक."

"अगं, मग घालशील कशी?"

"शिवून टाक. उघडतात."

एरवी तिची टकळी थांबत नाही. त्या दिवशी एवढंच बोलली. माप घ्यायला मी टेप तिच्या गळ्याशी नेली तशी ती भिंतीला जाऊन चिकटली. शिवणाऱ्या बाईच्या टेपला कुणी असं घाबरत नाही.

"कोण उघडतं गं?" मी विचारलं. असं विचारू नये, हे मीच लोकांना शिकवते.

ती टेबलावरचे धागे गोळा करायला लागली. "आईला ऐकू येत नाही," ती म्हणाली. मी बटणं काढली आणि डोक्यातून घालता येतील असे गळे करून पुढून झगे शिवून दिले. 

मनात पाल चुकचुकली आणि संशय गेला तो थेट पेटीवाल्यावर. चर्चमध्ये पेटी वाजवणारा हा माणूस सहा महिन्यांपूर्वी आलेला. कुणाच्या नजरेला नजर देत नाही. गुरुवारी गाण्याचा सराव असतो, तिथे चिमणी त्याच्या वहीची पानं उलटते, तो तिला पेपरमिंट देतो आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोडतो. आता सांगा! नियमाप्रमाणे मी त्याच दिवशी फोन करायला हवा होता. पण मला आधी त्याला पकडायचं होतं. तीन दिवस मी त्याचा पाठलाग केला म्हणा ना. तो कुठे जेवतो, कुणाशी बोलतो, केस कुठे कापतो, सगळं काढलं. काहीच सापडलं नाही, म्हणून तर संशय आणखी वाढला.

गुरुवारी सराव सुटल्यावर मी त्याला पेटीपाशीच गाठलं. पोरंसोरं अजून जिन्यात होती, त्यांच्यादेखत म्हणाले, "चिमणीच्या मागे मागे का असता तुम्ही?"

त्याचा चेहरा उतरला. पण तो चिडला नाही. वही मिटून म्हणाला, "बरं झालं विचारलंत. मीच तुमच्याकडे येणार होतो. ती दर गुरुवारी मला विचारते, उद्या शुक्रवार आहे का. मी हो म्हटलं की रडते. म्हणून पेपरमिंट देतो, म्हणून गल्लीपर्यंत जातो."

"शुक्रवारी तुम्ही कुठे असता?"

"दुसऱ्या गावी शिकवायला. सकाळी जातो, रात्री येतो." मग पहिल्यांदाच त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. "मला वाटलं, काय ते तुम्हाला माहीत असेल. शुक्रवारी तुम्ही तिथे असताच ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मला तिथे पेटीपाशी उभ्या उभ्या कळलं. आणि कळल्याबरोबर मी ते नाकारलं. घरी जाताना मनात पेटीवाल्याला शिव्या घातल्या. स्वतःची कातडी वाचवायला म्हाताऱ्या मास्तरावर ढकलतोय! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, मी काही जगावेगळी नाही.

शुक्रवारी सकाळी मी सह्यांची वही उघडली. चार वाजता गेलो, चार पन्नासला निघालो. चार वाजता, चार पंचावन्न. इतर जोड्यांच्या आजाऱ्यांच्या भेटी पंधरा मिनिटांत आटोपत होत्या. आमची एकही पाऊण तासाच्या आत नव्हती. पन्नास शुक्रवार, पन्नास वेळा दादाची सही आणि शेजारी माझी, वळणदार. दुसऱ्या कुणाच्या नोंदी अशा असत्या तर मी पहिल्याच महिन्यात त्याचं रक्त आटवलं असतं.

साडेतीनला दादा नेहमीसारखा दुकानात आला. पांढरा सदरा, खिशात कम्युनियनची डबी. "चल, निघू या ना?"

"आज मी वर येते," मी म्हटलं.

"वर? आणि गुडघे?"

"गुडघे माझे आहेत."

तो हसला नाही. दुकानाच्या दाराकडे बघितलं, मग कात्रीकडे, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, "चिमणी काही बोलली का?"

चिमणीचं नाव मी काढलंच नव्हतं.  मला ओरडावंसं वाटत होतं, त्याचा सदरा धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि खरं सांगते, त्याने काहीतरी साधंसं कारण द्यावं, मी मान डोलवावी आणि सगळं जिथल्या तिथे ठेवावं असंही वाटत होतं. त्याने दिलंही असतं.

"आजची भेट बंद," मी म्हटलं. "ती डबी फादरांना देऊन ये."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं."

"ताई," तो म्हणाला. धाकटी असले तरी लाडात तो मला ताई म्हणायचा. "तू माझ्यावर संशय घेतेस?"

 त्या माणसाला काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही, असा नियम होता, आणि त्या दिवशी मला धरायला तेवढंच होतं. दुकान तसंच उघडं टाकून मी फादरांकडे गेले.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. "रविवारपर्यंत थांबू या का?" ते म्हणाले. "तुमचा भाऊ आहे. आणि या सह्या... बाई, तुम्ही स्वतः अडकाल."

"त्याच दिवशी, असं लिहिलंय. मीच लिहिलंय. आणि सोमवारपासून मी चार दिवस आधीच घालवलेत."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि फोन माझ्याकडे सरकवला. पलीकडे अधिकारी बाई होत्या. आवाज कोरडा, पण घाई नव्हती. त्यांनी विचारलं, "वहीत तुमची सही आहे म्हणता. मग भेटीच्या वेळी तुम्ही खोलीत होता?"

"नव्हते."

"किती वेळा नव्हता?"

"एकदाही नव्हते," मी म्हटलं, आणि फादरांसमोर रडले.

पुढचं काम त्यांचं होतं आणि त्यांनी केलं. पोलीस आले. चिमणीशी बोलायला एक वेगळी बाई आली, बाहुल्या आणि रंग घेऊन, खूप दिवस येत राहिली. तिथे काय निघालं ते मला सांगितलं नाही, सांगायचंही नव्हतं. दादावर खटला उभा राहिलाय. वहिनीने माझ्या तोंडावर दार लावलं. मिस्साला माझ्या बाकावर आता कुणी बसत नाही. काही म्हणतात, संशयाचं भूत सख्ख्या भावालाही सोडत नाही. समितीतून मला काढलं, ते मात्र योग्यच झालं. पेटीवाल्याची माफी मी सगळ्यांदेखत मागितली, कारण अपमानही सगळ्यांदेखतच केला होता.

मग एका दुपारी, अधिकारी बाईंची परवानगी घेऊन आणि शेजारणीला बरोबर घेऊन, मी तीन मजले चढले. प्रत्येक मजल्यावर थांबले, गुडघ्यांना शिव्या दिल्या. पण चढता येत होतं. वर्षभर येतच होतं.

चिमणीने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"तो नाही येणार," मी म्हटलं. "कधीच नाही. मी माफी मागायला आलेय, चिमणे. मला आधी कळायला हवं होतं."

तिने जरा विचार केला. मग माझा हात धरून मला आत नेलं, झोपलेल्या आईच्या पलंगाला वळसा घालून, खिडकीपाशी. खाली रस्ता दिसत होता, लॉन्ड्रीचं दार, आणि बाकडं अगदी समोर.

"तू तिथे बसायचीस," ती म्हणाली. "मी इथून तुला हात करायचे. खूप करायचे. तू वर बघायचीच नाहीस."