एझ्रा टॉलिव्हरचा उन्हाळा

"चार नंबरचे आजोबा जाम कन्फ्यूज्ड आहेत गं," इंद्रनील म्हणाला. "म्हणतात, अमेरिकेत बेसबॉल टीमचा मॅनेजर होतो. शेजारीण तर सांगते, जन्मभर इथे आयर्लंडमध्येच, डंडॉकच्या बुटांच्या कारखान्यात होते."

वॉर्डात मराठी डॉक्टर हे दोघंच. उर्मिला खुर्ची ओढून पलंगाशी बसली. एझ्रा टॉलिव्हर, काळा, उंचापुरा, शहाऐंशी वर्षांचा. खुबा मोडलेला, वर न्यूमोनिया.

"कुठली टीम?" तिनं विचारलं.

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मग दम खात, थांबत सांगू लागला.

एकोणिसाव्या वर्षी तो एका लहान गावाच्या व्यावसायिक संघात गेला. त्या संघातला पहिला काळा खेळाडू. सामना संपला की बाकीचे हॉटेलात जात, हा गावाबाहेर एका शिंपिणीच्या घरी झोपायला. तारुण्य असंच गावोगाव खेळण्यात गेलं. शेवटी एका उन्हाळ्यात मालकानं तळाला गेलेला संघ त्याच्या हाती दिला. त्यानं तो फायनलला नेला, जिंकवला.

"मग?"

"मालक म्हणाले, वसंतात फोन करतो. मी घराबाहेर पडायचो नाही, डॉक्टर. दूध-पावही माझी बायको, नोराच आणायची. मे उजाडला, फोन आलाच नाही, तेव्हा तीच म्हणाली, चल, माझ्या गावी, आयर्लंडला जाऊ."

"राग नाही आला?"

"पोरं फार छान खेळली होती." त्यानं डोळे मिटले. "त्यांचा निरोप घ्यायचा राहिला."

बाहेर येऊन उर्मिला म्हणाली, "कन्फ्यूज्ड नाहीयेत ते. खरंच मॅनेजर होते."

इंद्रनीलनं केसपेपरवरचा 'कन्फ्यूज्ड' हा शब्द खोडला.

रविवारी एझ्रा गेला. दोघंही अंत्यविधीला गेले. पाद्रीबाबांनी मेहनती कामगार, प्रेमळ नवरा म्हणून त्याचं कौतुक केलं. चर्चच्या दाराशी शेजारीण मॉरीन उर्मिलाजवळ सरकली.

"नोरा सांगायची, तो काहीतरी खेळायचा म्हणून. चांगला खेळायचा का गं?"

नोराला जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं; त्याचा खेळ पाहिलेलं इथं कुणीच उरलं नव्हतं.

"मी पाहिलं नाही," उर्मिला म्हणाली.

शवपेटीला खांदा द्यायला एक माणूस कमी पडत होता. इंद्रनीलनं कोटाची बटणं लावली आणि तो पुढे झाला.