मी अडखळलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. माझे झाकण एका कोपऱ्यात तडकलेले आहे. मी जे सांगणार आहे, ते मला स्वतःला अजूनही पुरते कळलेले नाही, हे आधीच कबूल करतो.

कारखान्यातून निघालो आणि थेट प्लोवदिव शहराजवळच्या एका गावात, स्टामेन आणि रुमेनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसलो. स्टामेन लग्नांमध्ये अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवायची भात्याची पेटी, वाजवत असे. त्यांचा मुलगा ल्युबेन तेव्हा इतका लहान होता की माझ्या काठावर हनुवटी टेकवून फिरणारी तबकडी बघत उभा राही. नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाला, पाहुणे जमले की माझे कौतुक होई, माझ्यावर विणलेला रुमाल घातला जाई. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते.

ल्युबेन मोठा होऊन राजधानीत, सोफियाला गेला आणि तिथे विजेवर चालणारे कीबोर्ड वाजवू लागला. जॅझमध्ये रॉक मिसळून जे फ्यूजन करतात, ते. एकदा रेडिओवर त्याचे वादन लागले, तेव्हा स्टामेन फोनवर त्याला म्हणाला होता, "पियानोवरून मांजर चालत गेल्यासारखं वाटलं." ल्युबेन हसला, पण त्यानंतर कित्येक वर्षे तो घरी आला नाही. माझ्या झाकणावर कांद्यांची टोपली आली. मला कोणी विचारीनासे झाले.

मग एका शरद ऋतूत टपालाने त्याची स्वतःची, एकट्याच्या नावाची तबकडी आली. पाठोपाठ फोन आला. रविवारी येतो, तोवर ऐकून ठेवा, म्हणाला. स्टामेनने कांदे उतरवले, मला पुसले आणि तबकडी लावली.

मित्रांनो, मी आजवर किती तरी गाणी वाजवली, पण असा गोंधळ माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. गाणारे कोणी नाही. एक सूर घंटेसारखा वाजे, दुसरा पाण्यात बुडाल्यासारखा. चाल सापडली असे वाटावे तोच ती हातातून निसटे. स्टामेन कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. रुमेनाचे डोके दुखायला लागले, ती उठून अंगणात गेली. स्टामेनला आता नुसते ऐकायचे नव्हते. रविवारी मुलासमोर काही तरी बोलायचे होते. खोटे बोलला तर ल्युबेन ओळखणार, आणि खरे बोलला तर तो पुन्हा येणार नाही, ही भीती त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होती.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या वादनात तर कहर होता. सूर चढत जाई आणि मध्येच सगळे गप्प होई. एक श्वासभर काहीच नाही. मग पुन्हा सुरू. दर फेरीला त्याच जागी.

"मशीन अडखळतंय," स्टामेन म्हणाला.

मला फार लागले. त्याने माझी सुई बदलली, पट्टा बदलला, तरी सूर तिथेच थांबे. शेवटी मला काखोटीला मारून तो गांचोकडे घेऊन गेला. गांचो गावातले रेडिओ दुरुस्त करीत असे. त्याने मला उघडले, फिरवून पाहिले आणि म्हणाला, "याला काही झालेलं नाही. तुझ्या पोराला विचार काय झालंय ते." स्टामेन रागारागाने मला घरी घेऊन आला. पण खरे सांगतो, तोवर माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता. वाटे, अडखळतच असेन मी.

शनिवारी रुमेना अंगणात लाल मिरच्या भाजत होती. खिडकी उघडी होती. स्टामेनने हट्टाने पुन्हा तेच वादन लावले. रुमेना मिरच्यांचे ताट घेऊन दारातून आत येत होती, आणि सूर थांबला त्या क्षणी तीही थांबली. एक पाय हवेत, हातात ताट. सूर सुरू झाला तसा पाय खाली आला.

"हे काय करतेस?" स्टामेनने विचारले.

रुमेनालाही कळेना. तिने थोडे आधीपासून पुन्हा वाजवायला सांगितले. पुन्हा पाय उचलला गेला. मग ती मटकन खुर्चीत बसली.

"अरे, हा तर आपला होरो नाच आहे," ती म्हणाली. "तुझ्या भात्याला भोक होतं ना? इथं हवा संपायची तुझी. आम्ही सगळे पाय उचलून तुझी वाट बघायचो. पलीकडच्या गावचे पाहुणे धडपडायचे आणि आम्ही त्यांना हसायचो, की यांना साधा होरो येत नाही."

स्टामेनला हे ठाऊकच नव्हते. सारा गाव हातात हात धरून गोल नाचे, तेव्हा तो मान खाली घालून भाता ओढण्यात गुंतलेला असे. तो स्वतः कधी नाचलाच नव्हता.

रविवारी ल्युबेन आला. कसे वाटले, असे त्याने विचारले नाही. स्टामेननेही जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. मग उठून तेच वादन लावले, आणि सूर थांबला तसे त्याने बोट वर केले.

"इथं माझ्या भात्याचं भोक आहे. बाकी मला काही कळलं नाही रे. खरंच नाही कळलं."

ल्युबेन माझ्याकडे वळला. "लहानपणी मला वाटायचं, सगळं जग इथं थांबतं," तो म्हणाला. "सोफियात गेलो तर कोणी थांबेचना, बाबा."

स्टामेनने त्याच्या पेल्यात राकिया, घरची फळांची दारू, ओतली आणि आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

आता ल्युबेन वरचेवर येतो. ती तबकडी मला आजही कळत नाही, स्टामेनलाही नाही, तरी आम्ही ती ऐकतो. मित्रांनो, एखादी गोष्ट बिघडली आहे असे म्हणण्याआधी तिच्याजवळ थोडे बसा, एवढीच माझी विनंती. आणि जमलेच तर कोणी तरी स्टामेनला माझा एक निरोप द्या. माझा पट्टा आता खरोखरच सैल झाला आहे. मी भलत्याच ठिकाणी अडखळतो, आणि ही दोन म्हातारी माणसे मला दुरुस्त करायचे सोडून, पाय उचलून उभी राहतात.